पनवेल ते सीएसएमटी, सावंतवाडी ते पणजी: माणूस जायला तयार कधी होतो?



पेटची तयारी करणाऱ्या दोघा-तिघांनी मला गेल्या महिन्यात जवळपास एकच प्रश्न विचारला. स्थलांतरावर सिनॉप्सिस लिहायची आहे, पण विषय धरायचा कसा? प्रत्येकाच्या मसुद्यात पहिलं वाक्य सारखंच होतं: "लोक स्थलांतर का करतात, याचा अभ्यास करणे." आणि उत्तरही ठरलेलं. रोजगारासाठी. प्रश्नावली घेऊन शंभर जणांकडे गेलात तरी ऐंशी-नव्वद जण हेच सांगणार. मग तीन वर्षं करायचं काय?

म्हणून आज हा प्रश्न थोडा फिरवून मांडतो. मी मूळचा संख्याशास्त्राचा, त्यामुळे हिशेबापासून सुरुवात करण्याची सवय आहे. तेवढं चालवून घ्या.

दोन प्रवास समोर ठेवा. पहिला आपल्या नवी मुंबईतला. पनवेल ते सीएसएमटी, हार्बर लाईनने ४९ किलोमीटर, साधारण ८० मिनिटं, मध्ये ठाण्याची खाडी. दुसरा तळकोकणातला. सावंतवाडी ते पणजी, बांदा, पत्रादेवी, म्हापसा असं करत ५५ किलोमीटरच्या आसपास, मध्ये महाराष्ट्र आणि गोव्याची हद्द. दोन्हीकडे लोक रोज सकाळी निघतात आणि रात्री परत येतात. सिंधुदुर्गातली, विशेषतः सावंतवाडी, दोडामार्ग, बांदा या पट्ट्यातली पुष्कळ तरुण मुलं-मुली गोव्यात औषध कंपन्या, हॉटेलं, दुकानं आणि दवाखान्यांत कामाला आहेत. ११ डिसेंबर २०२२ ला पेडणे तालुक्यातल्या मोपा विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि गोव्यातली नोकरी हद्दीच्या आणखी जवळ आली. याला तिकडेही आणि इकडेही शब्द एकच आहे: अप-डाऊन.

आता गंमत बघा. हे लोक स्थलांतरित आहेत का? जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे नाहीत. जनगणना जन्मस्थान आणि आधीचं राहण्याचं ठिकाण विचारते. रोज रात्री घरी झोपणारा माणूस त्यात 'हललेला' दिसतच नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित म्हणून नोंदले गेले, त्यातला खूप मोठा भाग लग्नामुळे गाव बदललेल्या स्त्रियांचा. अप-डाऊन करणाऱ्यांसाठी त्याच जनगणनेत घर ते कामाचं अंतर आणि प्रवासाचं साधन यांचा वेगळा तक्ता आहे. त्यातून माणूस किती किलोमीटर जातो ते कळतं, पण कुठल्या बाजूला जातो ते कळत नाही. बांद्याहून तीस किलोमीटर जाणारा गोव्यात गेला की कुडाळला, हे त्या तक्त्यावरून सांगता येत नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २००९-१० च्या आकडेवारीवरून एस. चंद्रशेखर आणि अजय शर्मा यांनी अंदाज काढला होता की देशात शेतीबाहेरचं काम करणारे जवळपास ८० लाख लोक गावातून शहरात रोज जातात, आणि ४० लाखांहून जास्त लोक उलट, शहरातून गावात जातात. म्हणजे संख्या किरकोळ नाही. विषय शोधत असाल तर इथे जागा आहे, एवढंच सध्या सांगतो.

आता 'तयार असणं' म्हणजे काय ते पाहू. गॅलपचं जागतिक सर्वेक्षण लोकांना विचारतं की संधी मिळाली तर कायमचं दुसऱ्या देशात जायला आवडेल का? जगभरातले १५-१६ टक्के प्रौढ 'हो' म्हणतात. प्रत्यक्षात दुसऱ्या देशात राहणारे लोक, संयुक्त राष्ट्रांच्या २०२० च्या अंदाजानुसार, जगाच्या लोकसंख्येच्या ३.६ टक्के. इच्छा आणि कृती यांच्यातली ही दरी हाच बऱ्याच संशोधनाचा विषय आहे. नॉर्वेचे अभ्यासक योर्गेन कार्लिंग यांनी २००२ मध्ये केप व्हर्दे बेटांवरच्या अभ्यासातून एक साधी विभागणी सुचवली: जाण्याची आकांक्षा वेगळी मोजा, जाण्याची क्षमता वेगळी मोजा. मग तीन गट पडतात. जाणारे, जावंसं वाटूनही न जाऊ शकणारे, आणि जायचंच नाही म्हणून थांबलेले. आपल्या प्रश्नावल्यांमध्ये बहुतेक वेळा फक्त पहिला गट असतो. कारण तो शहरात सापडतो.

माझं म्हणणं असं की अप-डाऊन करणारा माणूस या तिन्ही गटांत नीट बसत नाही, आणि म्हणूनच तो महत्त्वाचा आहे. त्याला काम तिकडचं हवंय आणि घर इकडचं. त्याला जायचं नाहीये, म्हणून तो रोज जातो.

हे आकड्यांनी पाहू. आकडे समजुतीसाठी घेतलेत, कुठल्या सर्वेक्षणातले नाहीत. समजा सावंतवाडीच्या एका मुलाला गोव्यात महिना २०,००० मिळतात आणि त्याच कामाचे गावाजवळ १४,००० मिळतात. बाईकचं पेट्रोल किंवा बसचा पास धरून प्रवासाला ३,००० जातात. तिकडे खोली घेतली तर भाडं ५,००० आणि जेवणाचे ३,५००. हिशेब करा. घरी राहून नोकरी: १४,०००. गोव्यात खोली घेऊन: ११,५००. अप-डाऊन करून: १७,०००.

म्हणजे पगार तिकडे जास्त असूनही बिऱ्हाड हलवणं तोट्याचं आहे! फायदा फक्त अप-डाऊनमध्ये, आणि तो का? कारण घर, आईच्या हातचं जेवण, परसातला नारळ, हे सगळं गावात फुकट मिळतंय. नुसत्या पगाराच्या तुलनेवर उभी असलेली कुठलीही मॉडेलं इथे अडखळतात.

पण वेळेचं काय? रोज तीन तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ७८ तास. जादा मिळाले ३,०००. ताशी ३८ रुपये. एवढ्यावर कोण आपला तास विकेल? इथे १९७० चं हॅरिस-टोडारो मॉडेल कामाला येतं. त्यांचा मुद्दा असा की माणूस हातातल्या पगाराची तुलना करत नाही, अपेक्षित पगाराची करतो. गावाजवळची ती १४,००० ची नोकरी मिळण्याची शक्यता निम्मीच असेल, तर तिची किंमत ७,०००. मग फरक झाला १०,००० आणि ताशी भाव गेला १२८ च्या वर. आता सकाळी साडेसहाला बाईकला किक मारणारा मुलगा वेडा वाटत नाही.

सिनॉप्सिसमध्ये रॅव्हेन्स्टाइनचे १८८५ चे नियम आणि एव्हरेट ली यांची १९६६ ची 'ढकल-ओढ' मांडणी लिहाच, गाईडना ती हवीच असते. पण त्यावर थांबू नका. ली यांनी स्वतः मधल्या अडथळ्यांना वेगळं स्थान दिलं होतं, आणि आपल्याकडच्या नोट्समध्ये नेमका तोच भाग गाळलेला असतो.

अडथळा म्हणजे नेमकं काय, याकडे येऊ. माझ्या मते विषयातला सगळ्यात रसाळ भाग हा आहे.

२०१८ मध्ये कोने, लिऊ, मट्टू, ओझडेन आणि शर्मा या पाच अर्थशास्त्रज्ञांचा भारतातल्या अंतर्गत सीमांवरचा शोधनिबंध आला. त्यांनी २००१ च्या जनगणनेतले जिल्हा ते जिल्हा स्थलांतराचे आकडे घेतले आणि विचारलं की शेजारचे दोन जिल्हे एकाच राज्यात असतील तर, आणि वेगवेगळ्या राज्यांत असतील तर, किती फरक पडतो? उत्तर आलं की एकाच राज्यातल्या शेजारी जिल्ह्यांमधलं स्थलांतर किमान ५० टक्के जास्त असतं. भाषेचा फरक हिशेबात धरल्यावरसुद्धा. लक्षात घ्या, या सीमेवर व्हिसा नाही, कुंपण नाही, संविधानाने फिरण्याचं आणि राहण्याचं स्वातंत्र्य दिलेलं आहे. तरी रेघ जाणवते.

का? त्यांनी बोट ठेवलं ते राज्याच्या हद्दीवर संपणाऱ्या गोष्टींवर. रेशन, राज्याच्या कॉलेजमधला कोटा, सरकारी नोकरी. गोव्याचंच घ्या. तिथे सरकारी नोकरीसाठी साधारणपणे १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, शिवाय कोकणी यावी लागते. महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्रही १५ वर्षांवरच बेतलेलं. आता दोडामार्गच्या मुलाने म्हापशाला कायमचं राहायला जायचं म्हटलं तर मधली १५ वर्षं तो कुठलाच धड नाही. इकडचा हक्क सुटणार, तिकडचा मिळायचाय. रोज रात्री घरी परतण्यामागे आईच्या जेवणाइतकाच हा कागदही आहे.

दवाखान्याचं उदाहरण याहून स्पष्ट आहे. सिंधुदुर्गातल्या लोकांसाठी मोठं इस्पितळ म्हणजे वर्षानुवर्षं बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. अपघात झाला, हृदयविकाराचा झटका आला की रुग्णवाहिका तिकडेच वळते. जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने परराज्यातल्या रुग्णांना तिथे शुल्क लावलं आणि दोडामार्गात मोठं आंदोलन उभं राहिलं. आमचा तालुकाच गोव्यात घाला, असा सूरही तेव्हा निघाला. गोव्याच्या बाजूनेही पाहा: त्यांच्या करदात्यांच्या पैशावर शेजारच्या राज्याने किती भार टाकावा, हा प्रश्न खोटा नव्हता. पण संशोधक म्हणून टिपायची गोष्ट वेगळी. एका सरकारी आदेशाने तीच ५५ किलोमीटरं अचानक लांब झाली. नकाशा होता तसाच होता.

युरोपात याच्या उलट दिसतं. लक्झेंबर्गमध्ये काम करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे लोक फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीत राहतात आणि रोज ये-जा करतात. त्यांना आरोग्यविमा काम करतो त्या देशात मिळतो आणि उपचार दोन्हीकडे घेता येतात. तिथे देशाची सीमा ओलांडणाऱ्या कामगाराला जे मिळतं, ते आपल्याकडे तालुक्यातून शेजारच्या तालुक्यात जाणाऱ्याला मिळत नाही, कारण मध्ये राज्य बदलतं. आपल्याकडे काही बदललं नाही असं नाही. 'एक देश एक रेशनकार्ड' योजना २०१९ ला सुरू होऊन जून २०२२ पर्यंत सगळ्या राज्यांत पोचली, आसाम शेवटचं. कोने आणि मंडळींचा अभ्यास त्याच्या आधीच्या आकड्यांवरचा आहे. मग त्या ५० टक्क्यांत आता काही फरक पडला का? नवीन जनगणनेचे जिल्हानिहाय तक्ते हातात आले की कुणीतरी हे मोजायला हवं. तुमच्यापैकी कुणी का नाही?

सीमेचं खरं वजन ती बंद झाली की कळतं. मार्च २०२० च्या टाळेबंदीत पत्रादेवीची हद्द बंद झाली. पुढे नियम सैल झाले तरी चाचणी किंवा विलगीकरणाच्या अटी होत्या, आणि रोज ये-जा करणाऱ्याला रोज चौदा दिवस विलगीकरणात बसणं शक्यच नसतं. गोव्याने हद्द पुन्हा मोकळी केली ती १ सप्टेंबर २०२० ला. मधल्या पाच महिन्यांत पर्याय दोनच उरले होते: तिकडे खोली घेऊन राहा, नाहीतर नोकरीवर पाणी सोडा. वरच्या हिशेबातला ११,५०० चा पर्याय आठवा. ज्यांनी तो निवडला त्यांनी तोटा सहन करून नोकरी टिकवली, कारण पुढे पुन्हा १७,००० मिळण्याची आशा होती. आपल्या भाषेत सांगायचं तर हा नैसर्गिक प्रयोग आहे, आणि तो अनुभवलेली माणसं बांद्याच्या स्टॅंडवर आजही भेटतील.

असं दुसरं ठिकाण म्हणजे चंदगड. कोल्हापूर जिल्ह्यातला तालुका, पण बाजार, दवाखाना आणि काम यासाठी बेळगाव कितीतरी जवळ. ६ डिसेंबर २०२२ ला सीमावाद पेटला, महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली आणि एसटीने कर्नाटकात जाणाऱ्या बस थांबवल्या. निर्णय सुरक्षेचा होता, पण ज्याची हजेरी बेळगावात लागते त्याचा त्या दिवसाचा खाडा झाला. असे दिवस वर्षातून दोन असोत वा वीस, नोकरी देणारा ते लक्षात ठेवतो.

आता खाडीकडे परत येऊ, कारण नवी मुंबई या सगळ्याची उलटी बाजू दाखवते. १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी कल्पना मांडली की मुंबईवरचा भार कमी करायचा तर खाडीपलीकडे नवं शहर वसवा. १९७० ला सिडको स्थापन झाली. कल्पनेचा गाभा होता नोकऱ्या हलवण्याचा, त्यातही सरकारी कार्यालयं. पण मंत्रालय जिथे होतं तिथेच राहिलं आणि नरिमन पॉइंटला टॉवर उभे राहत गेले. १९७३ ला वाशीचा खाडीपूल झाला, पण लोकल वाशीला पोचायला १९९२ उजाडलं. मग माणसं आली. घर मुंबईत परवडत नव्हतं, इथे परवडत होतं. नोकरी मात्र खाडीपलीकडेच. सावंतवाडीचा मुलगा घर सोडवत नाही म्हणून अप-डाऊन करतो, पनवेलचा कर्मचारी घर तिकडे मिळत नाही म्हणून. प्रवास सारखा, कारण उलटं. दोघांना एकाच रकान्यात 'रोजगार' असं लिहिलंत की हा फरक कायमचा पुसला जातो.

(आणि ज्यांच्या जमिनीवर हे शहर झालं, त्या ९५ गावांतले आगरी-कोळी कुठेच गेले नाहीत. शहरच त्यांच्या दारात आलं. त्यांना जनगणनेच्या कुठल्या रकान्यात घालायचं, यावर वेगळा लेख होईल.)

इतका प्रवास माणूस सहन का करतो, यावर एक प्रसिद्ध कोडं आहे. स्टुट्झर आणि फ्राय यांनी २००८ मध्ये जर्मनीतल्या आकडेवारीवरून दाखवलं की लांबचा प्रवास करणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. जादा पगार किंवा स्वस्त घर त्याची पूर्ण भरपाई करत नाही. म्हणजे लोक हिशेबात चुकतात? मला तसं वाटत नाही. पनवेलहून जाणाऱ्याने घर घेतलंय ते मुलांच्या शाळेसाठी आणि आईवडिलांना वेगळी खोली मिळावी म्हणून. नफा घरात वाटला जातो आणि थकवा एकाच्या वाट्याला येतो.

कोकणाला हे नवीन नाही. गिरण्यांच्या काळात चाकरमानी मुंबईत गाळ्यावर किंवा खोलीत दाटीवाटीने राहायचा, खाणावळीत जेवायचा, बायको-मुलं आणि शेती गावात. मनीऑर्डर दर महिन्याला. जुन्या अभ्यासकांना हा कामगार 'अर्धा शेतकरी' म्हणजे मागासलेला वाटायचा. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या आपल्या पुस्तकात ही समजूत मोडून काढली: गाव ही त्या कामगाराची पाठराखण होती, संपातही तिचाच आधार. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात किती कुटुंबं गावाकडे परतली, हे लालबाग-परळमधल्या कुणालाही विचारा. स्टार्क आणि ब्लूम यांनी १९८५ मध्ये हीच गोष्ट सिद्धांत म्हणून मांडली: जाण्याचा निर्णय कुटुंब घेतं, आणि तो पुष्कळदा विम्यासारखा असतो. एकजण तिकडे, बाकीचे इकडे, म्हणजे दोन्हीकडे एकदम बुडत नाही. सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये घटली आणि हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया नोंदल्या गेल्या, त्यामागे हीच जुनी वाट आहे.

मग थोडं पाठबळ दिलं की लोक जायला तयार होतात का? ब्रायन, चौधरी आणि मुबारक यांनी २००८ मध्ये बांगलादेशच्या रंगपूर भागात, पेरणी-कापणीच्या मधल्या उपासमारीच्या दिवसांत, कुटुंबांना बसभाड्याइतके पैसे दिले, साधारण साडेआठ डॉलर. एवढ्यावर २२ टक्के कुटुंबांनी एक माणूस शहरात पाठवला. घरातला खर्च वाढला आणि पुढच्या वर्षी पैसे न देताही बरेच पुन्हा गेले. त्यांना अडवत होती ती भीती. काम मिळालं नाही तर बसभाडंही बुडणार आणि घरी आधीच खायला नाही. हे उदाहरण सगळे देतात. त्याचा पुढचा भाग कमी लोक सांगतात: हीच योजना मोठ्या प्रमाणावर राबवली तेव्हा तो परिणाम दिसला नाही आणि २०१९ मध्ये ती बंद झाली. सिनॉप्सिसमध्ये पहिला भाग लिहिलात तर दुसराही लिहा. व्हायव्हाला परीक्षक नेमकं तेच विचारतात.

शेवटी प्रश्नावलीबद्दल. "तुम्ही का जाता?" हा प्रश्न ठेवा, पण त्यावर विसंबू नका. गेल्या सहा महिन्यांत किती दिवस जाता आलं नाही आणि कशामुळे, हे विचारा. रेशनकार्ड कुठलं, मतदान कुठे, दवाखाना कुठला, हे विचारा. घरातल्या न जाणाऱ्या भावाला आणि बहिणीलाही गाठा, तुलना त्यांच्याशीच करायची आहे. बहिणीकडे विशेष लक्ष द्या. बिहारमध्ये शाळकरी मुलींना सायकली दिल्या तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, असं मुरलीधरन आणि प्रकाश यांनी २०१७ मध्ये दाखवलं, आणि परिणाम मुख्यतः शाळा लांब असलेल्या गावांत होता. तिकडे अडत होतं ते साधनावर. बांदा-म्हापसा रस्त्यावरही मला हाच संशय आहे: मुलगी गोव्यात कामाला जाईल की नाही हे पगारापेक्षा कंपनीची गाडी दारापर्यंत येते का, यावर ठरत असावं. म्हणून पगाराचा प्रश्न विचारण्याआधी परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते विचारा, आणि ती चुकली तर काय करता, तेही.